खंडेनवमीचा पहिला हार

वर्षभरात उत्पादन ज्याच्यामुळे वाढलं, त्याला खंडेनवमीला पहिला हार, ही कोल्हापूरजवळच्या त्या फाउंड्रीतली रीत. मान कुणाचा, हे आता मूळशोधक नावाचा संगणक सांगायचा. वाढीचा माग काढत तो थेट उगमापर्यंत पोचायचा.

फोरमन दस्तगीरमामा हार घेऊन नव्या भट्टीपाशीच उभे होते. तिच्यामुळे काम दुप्पट झालं होतं. पण पडद्यावर नाव आलं प्रयोगशाळेतल्या, भट्टीच्या अस्तराच्या एका नमुना-तुकड्याचं: क्रमांक एकशे बारा, तडकलेला.

"बिघडलंय हे," मालक घोरपडे म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं, खाली कारणासकट: 'हा तडकला, म्हणून अस्तराच्या मिश्रणातली चूक कळली. ती सुधारली, म्हणून बावीस वर्षांनी ही भट्टी चालते.'

घोरपड्यांनी मनात बावीस वर्षं मागे मोजली. त्याच वर्षी त्यांच्या वडिलांनी संशोधनाचा खर्च वायफळ ठरवून बंद केला होता. संशोधक इंदुमती चौगुले यांनी तरीही निम्म्या पगारावर प्रयोग चालू ठेवले होते. निवृत्त झालेल्या चौगुलेबाई आज पूजेला आल्या होत्या.

मामांनी तो मुठीएवढा तुकडा आणून पाटावर ठेवला आणि हार बाईंच्या हातात दिला.

"बाई, तडकलेला तुकडा इतकी वर्षं जपलात?" घोरपड्यांनी विचारलं.

"त्यानं त्याचं काम चोख केलं होतं, साहेब."

हार फार मोठा होता. बाईंनी तो दुहेरी करून तुकड्याला घातला, आणि मान ताठ करून म्हणाल्या, "प्रयोगशाळेतल्या फळीवर याच्याआधीचे एकशे अकरा आहेत. पुढच्या वर्षी हार जास्त आणा."