डिकीतली साडी

गोपालची मोपेड टो झाली, तेव्हा ती सोडवायला सुषमाही हट्टाने यार्डात गेली. “दंड भरेपर्यंत गाडी मिळणार नाही, बेन. पण डिकीतलं सामान तुमच्या हक्काचं, ते घेऊन जा,” असं म्हणत पोलिसाने तिच्या हातात एक नवी साडी ठेवली.

सुषमाचा जळफळाट झाला. सुरतेच्या कापड बाजारात कामाला असलेल्या नवऱ्याने आजवर तिला विणीत खोट निघालेल्या, सेकंडच्या साड्याच आणल्या होत्या. हिच्यात एक धागा चुकलेला नव्हता.

“कोणासाठी ही?”

“अगं येडे, तुझ्याचसाठी! दिवाळीला देणार होतो.”

सुषमा विरघळली. उगाच संशय घेतला म्हणून मनातल्या मनात माफी मागत, खांद्यावर टाकून बघायला तिने साडी उलगडली.



घडीतून शिवून तयार असलेलं ब्लाउज खाली पडलं, सुषमाच्या निम्म्या मापाचं.