शाफ्टवरची खाच

पाववाल्याने नवा शाफ्ट हातात घेतला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला आणि बाकावर परत ठेवला.

"खाच कुठंय?"

लेथजवळ उभ्या असलेल्या सुनेने फडक्याला हात पुसले. खाच तिने पाडलीच नव्हती.

वर्कशॉप एवढंसं, की दोघांना एकमेकांना ओलांडायचं तर एकाने पोट आत घ्यावं. लोखंड कातायचा एक लेथ, एक ड्रिल मशीन, खिडकीखाली बाक. आढ्याला एक जाड कडी, तिच्यावर जुने पट्टे टांगलेले. दाराशी स्टुलावर उस्ताद चहा घेत बसले होते. हात थरथरायला लागल्यापासून त्यांचा लेथ सुटला होता. स्टूल सुटलं नव्हतं. आणि या सगळ्यावर राज्य कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या बायकोचं. तिने शाळा दुसरीत सोडली, पण केसाएवढा फरक नखाने सांगायची. 'माझ्याकडून चुकलं' हे शब्द तिच्या तोंडून घरात कुणी ऐकले नव्हते. भाजी खारट झाली तरी दोष मिठाचा.

आता लेथवर कोण, यावरून महिनाभर घर धुमसत होतं. मुलगा होता, पण तो गिऱ्हाइकाशी गोड बोलण्यापुरता. लोखंडापुढे त्याचं लोणी व्हायचं. सून मात्र उस्तादांच्या मागे उभी राहून सगळं शिकली होती. शेवटी सासूने निकाल दिला. पहिलं काम सुनेने एकटीने करावं. गिऱ्हाईक माल घेऊन गेलं तर लेथ तिचा. माल परत आला तर बाहेरचा कारागीर ठेवायचा, आणि सुनेने पुन्हा लेथचं नाव काढायचं नाही. सून म्हणाली, चालेल.

आणि पहिलं काम आलं ते पाववाल्याचं. त्याच्या पीठ मळायच्या यंत्राचा शाफ्ट दर दोन वर्षांनी मोडायचा. मोडला की तो तुकडे फडक्यात बांधून आणायचा. उस्ताद त्यावरून नवा करून द्यायचे, हुबेहूब, मधल्या खाचेसकट.

पाववाला आधी समजुतीने बोलला, मग आवाज चढवून. हा नमुना साधासुधा नाही, म्हणाला. पहिला शाफ्ट केला तेव्हा उस्तादांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. नुसत्या डाव्या हाताने केला, गल्लीत अजून लोक सांगतात. अशा माणसाने खाच पाडली ती काय उगीच? तिच्यात तेल थांबतं, खुद्द उस्तादांनीच सांगितलं होतं.

सुनेने दोन्ही तुकडे उचलून त्याच्यापुढे जोडून धरले.

"काका, मोडलाय कुठे ते बघा. बरोबर खाचेत. मागचा कुठे मोडला होता?"

पाववाल्याने तुटकी कड अंगठ्याने चाचपली. मागचाही तिथेच मोडला होता, त्याच्या मागचाही. सून सांगत राहिली. खाचेत काही बसत नाही, तेल तिथवर पोचत नाही. तिथे शाफ्ट बारीक होतो, म्हणून तिथेच तुटतो.

"म्हणजे उस्तादांना अक्कल नव्हती म्हण की."

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. उस्ताद कपात बघत होते. कप केव्हाच रिकामा झाला होता.

मुलगा मध्ये पडला. चौतीस वर्षांचा गडी, आवाज असा की लेथ चालू असला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. पाड ना एक खाच, तो बायकोला म्हणाला, दहा मिनिटांचं काम. काका खूश, आई खूश, लेथ तुझा.

सुनेने तुकडे बाकावर ठेवले. मग म्हणाली, "मोडणारा माल देऊन लेथ मिळत असेल, तर राहू दे."

पाववाल्याने तुकडे फडक्यात गुंडाळायला घेतले. बाहेर दुसरे कारागीर आहेत, म्हणाला. आता सगळे सासूकडे बघायला लागले.

ती उठली. नवा शाफ्ट उचलला आणि त्यावरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही. मग तिने पाववाल्याच्या हातातलं फडकं ओढलं आणि तुकडे भंगाराच्या डब्यात टाकून दिले.

"वहिनी, नमुना आहे तो," पाववाला कळवळला.

"शाफ्ट घ्या आणि वाट मोकळी करा, भाऊ. सूनबाईला लेथवर पुढचं काम लावायचंय."

"पण खाच? एवढ्या मोठ्या कारागिराने पाडलेली..."

उस्तादांनी बायकोकडे बघून हळूच मान हलवली, राहू दे म्हणून. इतकी वर्षं ते अशीच मान हलवत आले होते. पण आज त्यांच्या मिशीखाली हसू मावत नव्हतं. सासूने पदर खोचला आणि आढ्याच्या कडीकडे बोट दाखवलं. मग तेच बोट मुलाकडे वळवलं.

"त्या कडीला याचा पाळणा होता. यांचा हात गळ्यात, म्हणून लेथवर मी. याने भोकाड पसरलं, मी मान वळवली आणि टूल शाफ्टमध्ये घुसलं. दुसरा करावा तोवर तुम्ही माल न्यायला दारात. यांनी मला झाकायला तेलाचं सांगितलं, आणि मग दर वेळी ती पाडावीच लागली. कारागिरी कसली डोंबलाची, भाऊ. माझ्याकडून चुकलं होतं."