ताडपत्रीखाली

गावातल्या दोन वर्षांच्या स्वस्त कॉलेजात रोसाल्बा जायची तेव्हा काका चिडवायचा, "कसलं कॉलेज, तेरावी-चौदावी म्हण की." मग मोठ्या विद्यापीठानं तिला तिसऱ्या वर्षाला घेतलं, आणि पापानं विद्यापीठाच्या नावाचं स्टिकर पिकअपच्या मागच्या काचेवर चिकटवलं. महिन्याभरात लोकांच्या अंगणातलं गवत कापताना तो भर उन्हात कोसळला आणि उजवं अंग लुळं पडलं. त्याची गिऱ्हाइकं रोसाल्बानं सांभाळायला घेतली. "तू विद्यापीठातच जातेस असं सांगितलंय त्याला," आई म्हणाली. तेव्हापासून ती पिकअपमधली गवत कापायची यंत्रं ताडपत्रीखाली झाकायची, खांद्याला सॅक अडकवायची आणि खिडकीतल्या पापाला हात करून निघायची. आज त्यानं तिला खुणेनं जवळ बोलावलं. "उशीर होतोय, पापा. तास चुकेल." त्यानं डाव्या हातानं आपली कामावरची टोपी तिच्या डोक्यावर चढवली. "दुपारी," जड जिभेनं तो म्हणाला, "सावलीत बसत जा."