वीस जुनी गाणी, मूळ आवाजात

"या चहात लिंबू नाही. अख्ख्या नॅशव्हिलमध्ये यांना एक लिंबू मिळू नये?" वर्डीनने गार चहाचा ग्लास दूर सारला.

धाकट्या ओलेटाने तो उचलून खिडकीत ठेवला. बहिणीचा कोट, पर्स, घशाची औषधं, सगळं तिच्याच मांडीवर असायचं.

"मिस वर्डीन, अजून एकदा घेऊ या?" स्टुडिओच्या काचेपलीकडून प्रुइटने विचारलं. ही नववी वेळ.

जुन्या गाजलेल्या कंट्री गाण्यांचा अल्बम तो काढत होता. मूळ टेपा जुनी रेकॉर्ड कंपनी देईना. म्हणून ज्याचं गाणं त्यालाच बोलावून पुन्हा गाऊन घ्यायचं चाललं होतं. वर्डीनच्या नावावर एकच गाणं होतं, पण चोवीस वर्षं ते रेडिओवर वाजत होतं. आज मात्र सूर काही केल्या लागत नव्हता.

शेवटी प्रुइट टोपी काढून बाहेर आला. "वय कुणाला चुकलंय, मॅडम? हे गाणं मी वगळतो."

वर्डीनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "ओलेटा, ऊठ."

ओलेटा उठली. तिने कोट खुर्चीवर ठेवला आणि गायला लागली. स्टील गिटारवाल्याचा हात तारांवरच थबकला. रेकॉर्डवरचाच आवाज. थोडा जाडावलेला, पण तोच.

"देवा रे!" प्रुइट पुटपुटला. "तुम्हीच गायला होतात? मग नाव यांचं का?"

"मी फार लाजाळू होते," ओलेटा म्हणाली. डॅडींनी तेव्हा तसं सांगितलं होतं, घरात सगळे तेच म्हणत आले होते. तिलाही ते पटलं होतं. "पण या वेळी माझं नाव घालाल? बारीक अक्षरात चालेल."

"बारीक कशाला? चांगलं ठसठशीत घालू. कव्हरवर फोटोही लागेल तुमचा."

ओलेटाचा हात आपसूक केसांकडे गेला. पन्नाशीला टेकलेली बाई, पण गाल तापले तिचे.

वर्डीन स्वतःच कोट चढवत होती. बटण काही लागेना.

"लाजाळू कसली गं तू?" ती म्हणाली. "डॅडी म्हणाले होते, हिचं थोबाड छापलं तर एक रेकॉर्ड खपायची नाही."