तिसरं जाकीट

गेल्या आषाढात वेदगंगेच्या पुरात भरमूची नाव उलटली. दुसऱ्यांच्या दोन पोरी त्यानं काठाला ओढून आणल्या. स्वतःची लेक मात्र वाहून गेली. वर्षानं निपाणीहून सरकारी साहेब नावेसाठी तीन तऱ्हांची तरंगती जाकिटं पारखायला घेऊन आले. एकाचे बंद कुजलेले, दुसऱ्यातल्या बुचाचा भुगा झालेला. भरमूनं तिसरं निवडलं, छातीशी आवळलं आणि डोहात उडी टाकली. जाकिटानं त्याला वर आणलं. त्यानं तोंड पाण्यात खुपसलं, पाय झाडले, जीव खाऊन तळाकडं रेटा दिला. तीनदा खाली गेला, तीनदा जाकिटानं त्याला उजेडात आणून सोडलं. "झकास! आता काढा," साहेब म्हणाले. भरमूचे हात बंदाकडं गेले. वर्षभर अबोला धरलेली त्याची बायको रुक्माबाई काठावरनं लुगड्यासकट पाण्यात शिरली. "काढायला लावू नगासा, साहेब!" ती ओरडली. "जाकीट बघाय न्हवते गेले ते खाली."