जोडीचा खुराक

जोतीरामने दाढीच्या पात्याने गोळी अर्धी केली आणि केरबाला शिसारी आली.

"काय करतुयास रं हे?"

"झोपंची गोळी हाय. डॉक्टरीणबाईंनी अर्धीच घ्यायला सांगितलीय." घरी रात्री नीट दिसत नाही, म्हणून जोतीराम हा उद्योग दुधाच्या कट्ट्यावर, उजेडात उरकून घेई.

समोर म्हशींची धार काढणं चाललं होतं. केरबाने फेसाळ पेला एका दमात रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

एके काळी मंगळवार पेठेतल्या तालमीत या दोघांची जोड ठरलेली असे. वजन सारखं, उंची सारखी, बदाम-तुपाचा खुराकही सारखा. आता दोघेही ऐंशीला टेकले होते. त्यातला जोतीराम म्हातारा झाला होता, केरबा झाला नव्हता. निदान केरबाचं मत तसं होतं, आणि दुसऱ्या कुणाचं मत तो विचारत नसे.

"अर्धी गोळी! तान्ह्या पोराला बाळगुटी देत्यात, तसली."

"वय झालं की लिव्हर, किडनी मंदावत्यात म्हनं. औषध लवकर भाईर पडत न्हाय, अंगात रेंगाळतंय."

"रेंगाळायला ते काय पावणं हाय? मी दोन खातो. दोन! तरी पहाटंच्या आधी टक्क जागा. गोळीची काय बिशाद मला लोळवायची?"

"मग मागं पायरीवरनं पडलतास ते? आठ दिवस दिवस-रात कळत नव्हती तुला."

"ती पायरीच तसली. गवंडी गाढव होता."

दोन गोळ्यांचं मात्र खरं होतं. सून मनाली त्याची डबी भरून ठेवी आणि रात्री तो दोन गोळ्या शेंगदाण्यासारख्या कुडुमकुडुम चावून खाई. पूर्वी त्या बारीक आणि कडू असत. मधे कंपनी बदलली, असं मनाली म्हणाली होती. आता टपोऱ्या येत, चव खडूसारखी. केरबाला त्याचं काही नव्हतं. पाण्याबरोबर गोळी गिळणारी माणसं त्याला मुळातच नेभळट वाटत.

रविवारी तालमीत दोघांचा सत्कार होता. हलगीवर आखाड्यात उतरायचं, माती कपाळाला लावायची आणि सलामी द्यायची. जोतीरामने त्याचीच धास्ती घेतली होती. बायको बनाबाई गेल्यापासून त्याला धड झोप नव्हती. साऱ्या तालमीसमोर पाय लटपटले तर उरलीसुरली अब्रूही मातीत जाणार होती.

"मग शनवारी माझ्यागत दोन घे," केरबा म्हणाला. "जोड हाय न्हवं आपली? वजन सारखं, तर खुराकबी सारखा. का भ्यालास?"

भ्यालास म्हटलं की जोतीराम जन्मभर कुणालाही भिडत आला होता. त्याने पातं गुंडाळून खिशात टाकलं.

रविवारी हलगी कडाडली आणि केरबा एकटाच आखाड्यात उतरला. जोतीराम पहाटे न्हाणीत पडलेला सापडला होता. केरबाने सलामी दिली, सत्कार घेतला आणि फेट्यासकट दवाखाना गाठला. मनाली सोबत होती.

काचेपलीकडे जोतीराम नळ्यांच्या जंजाळात निपचित पडला होता. ते बघून केरबाचा पारा चढला.

"डोक्यात रक्तस्राव झालाय. शुद्धीवर येतील की नाही, सांगता येत नाही," डॉ. निशा कांबळे म्हणाल्या. "अर्धी गोळी दिली होती मी. यांनी दोन घेतल्या, गुंगीतच उठले आणि तोल गेला. कुणी सांगितलं यांना?"

"मी सांगितलं," केरबाने छाती काढली. "गोळीला नावं ठेवू नका बाई. हा गडीच कच्चा निघाला. माझंबी वय तेवढंच हाय. हे बघा!"

त्याने डबी काढली, दोन गोळ्या तोंडात टाकल्या आणि चावायला लागला. डॉक्टर त्याचा हात धरायला धावल्या.

"खाऊ द्या, मॅडम," मागून मनाली म्हणाली. "पायरीवरनं पडल्यापासनं मामंजींच्या डबीत मी झोपंची गोळी घातलेलीच न्हाय. कॅल्शियमच्या हाईत त्या."