एक झेप शिल्लक

उंच उडीच्या अंतिम फेरीच्या फलकावर रेवण खिलारेच्या नावापुढे दोन आकडे होते. पहिला दोन मीटर पस्तीस, म्हणजे त्याने आत्ताच पार केलेली उंची. दुसरा नुसता एक. त्याच्या डाव्या टाचेमागच्या नसेत बसवलेला, ताण मोजणारा धागा सांगत होता, की आता एकच झेप उरली आहे. ती घेतली की नस तुटणार. धाग्याचा आकडा आजवर कधी चुकला नव्हता.

क्यूबाच्या ओर्तेगाचा याच उंचीवरचा शेवटचा प्रयत्न बाकी होता.

"त्याने पार केली तर बरोबरी," त्याचे प्रशिक्षक मोहिते सर म्हणाले. "मग तुला परत उडी मारावी लागेल."

"मारेन."

"आणि उद्यापासून चालशील कसा?"

रेवण ओर्तेगाकडे पाहू लागला.

ओर्तेगा धावला, वळला, उसळला. पाठ आडव्या बारवरून गेली, पण टाच लागली. बार थरथरला, थरथरत राहिला आणि पडला.

सुवर्ण! रेवणचे गुडघे उसळीसाठी वाकले. शाळेच्या मैदानापासूनची त्याची सवय होती. जिंकला की डाव्या पायावर उसळी मारून सरांच्या गळ्यात पडायचं. आणि आनंदाची उडी वेगळी, हे धाग्याला कळत नव्हतं.

"पाय खाली!" सरांनी धावत जाऊन त्याचे खांदे दाबून धरले.

रेवण दोन्ही पाय जमिनीत रोवून रडत होता. "राहवत नाही हो, सर. माझ्या वाटची उडी तुम्ही मारा."

त्रेसष्ट वर्षांच्या मोहिते सरांनी गुडघ्याचा पट्टा घट्ट केला, इकडेतिकडे पाहिलं आणि मारली.

चार बोटं उंच. फार तर पाच.